चाळीस काडतुसं, एक्केचाळीस मापं

कैलास बहिरट एकोणीस वर्षं बहरीनमध्ये तराजू दुरुस्त करत होता. मनामाच्या सोनेबाजारातले नाजूक काटे, मासळी बाजारातले खारट पाण्याने गंजलेले वजनकाटे, औषधांच्या कंपन्यांमधले काचेच्या पेटीत बसणारे तराजू, सगळ्यांची नाडी त्याला कळायची. त्याच्या बॅगेत मखमलीच्या खाचांमध्ये प्रमाणित वजनं असत. ती तो चिमट्यानेच उचलायचा, बोट कधी लावायचा नाही. "मला कधी इतक्या हळुवार हाताने धरलं नाहीत हो," असं त्याची बायको शुभदा एकदा म्हणाली होती, तेव्हा कैलासने बराच विचार करून उत्तर दिलं होतं, "तुला हाताच्या घामाने फरक पडत नाही ना."

जिदहफ्समध्ये एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, वरच्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. कैलास, शुभदा आणि बारावीतली सावनी. सावनीशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि भांडण झालं की अरबीत, कारण ते आईबाबांना कळत नसे.

कैलास मूळचा खडकी बाजारचा. वडिलांनी तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली आणि ते दहाची दहा बोटं घेऊन निवृत्त झाले. घरात ते कामाबद्दल अक्षर बोलत नसत. पण दिवाळीत पोरं फटाके फोडायला लागली की ते दार लावून घेत, आणि लहानगा कैलास त्यांच्या शेजारी कानात कापूस घालून बसे. बाप अनुभवाने घाबरायचा, मुलगा नुसताच. ती भीती कैलासची कधी गेली नाही. प्रेशर कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला तो आजही दचकायचा.

अशा माणसाने बंदुकीची काडतुसं भरावीत, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. ते घडलं एका धुपाटण्यामुळे.

सहा वर्षांपूर्वी त्याला सखीरच्या पुढे, वाळवंटातल्या एका नेमबाजी क्लबातून फोन आला. काटा चुकीचं वजन दाखवतोय, येऊन बघा. क्लब लहानसा होता, परवानाधारक, वीसेक सभासदांचा. त्याचे सर्वेसर्वा बू सलमान म्हणून सत्तरीचे गृहस्थ होते, निवृत्त बँकर, पायघोळ शुभ्र थोब, पांढरी दाढी. त्यांच्याकडे आजोबांपासून आलेल्या जुन्या लष्करी रायफली होत्या. पहिल्या महायुद्धातल्या इंग्रजी, एकदोन तुर्की. सगळ्यांचे कागद चोख, सगळ्या कुलपात. वर्षातून चार-पाच वेळा त्या बाहेर काढून निशाणावर चालवायच्या, हा म्हाताऱ्याचा एकुलता एक षोक. अडचण काडतुसांची होती. काहींची आता कारखान्यात बनतच नाहीत, आणि जी बनतात त्यांचा जोर शंभर वर्षांच्या लोखंडाला सोसवत नाही. म्हाताऱ्या माणसाला मऊ भात लागतो तसं या रायफलींना हलकं काडतूस लागतं, आणि ते हातानेच भरावं लागतं. म्हणजे वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबायची. सांगायला एवढंच.

कैलास त्या खोलीत शिरला तेव्हा बू सलमान टेबलाशी बसून हेच करत होते. टेबलावर दारूच्या दोन बाटल्या उघड्या होत्या. त्यांच्या मध्ये चहाचा ग्लास. भिंतीवर टीव्ही चालू, त्यात फुटबॉल. आणि बाटल्यांपासून हातभर अंतरावर लाकडी धुपाटण्यात लालबुंद निखाऱ्यावर ऊद धुमसत होता. खोलीत सुगंध दरवळत होता.

कैलासने बॅग दारात ठेवली, तीन ढांगांत टेबल गाठलं, धुपाटणं दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर धूम ठोकली.

"हरामी! हरामी!" बू सलमान ओरडत मागे धावले. अरबीत त्याचा अर्थ फक्त चोर असा होतो, पण कैलासला तेव्हा ते माहीत नव्हतं. शिवी खाऊनही तो थांबला नाही. पार्किंग ओलांडून, वाळूत चांगली पन्नास पावलं जाऊन त्याने धुपाटणं खाली ठेवलं आणि भाजलेली बोटं तोंडात घातली. क्लबाचा कोठीवाला नावेद तोपर्यंत झाडू घेऊन धावत आला होता. हा रत्नागिरीकडचा, खेडचा. चोर पकडायच्या आवेशात आलेला नावेद चोराच्या तोंडून "आई गं, आई गं" ऐकून थबकला.

"अरे, तुम्ही आपल्यातले काय?" त्याने विचारलं.

"पाणी आण आधी!" कैलास म्हणाला.

बोटं नळाखाली धरून त्याने बू सलमानना हिंदीत सगळं सांगितलं. एक ठिणगी उडाली असती तर आजोबांच्या रायफली राहिल्या असत्या, नातू राहिला नसता. बू सलमान ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "और काटा?"

कैलासने काटा तपासला. काटा बिनचूक होता. पंख्याचा वारा थेट त्यावर येत होता, एवढंच. त्याने कागदावर सही करायला नकार दिला. "काँटा ठीक है," तो म्हणाला, "आदमी ठीक नहीं है."

बहरीनमधल्या प्रतिष्ठित गृहस्थाला त्याच्याच खोलीत असं कुणी बोललं नसावं. बू सलमान इतके हसले की त्यांच्या डोक्यावरच्या रुमालाचा काळा गोफ, म्हणजे इगाल, सरकला. दोन महिन्यांनी, कैलासच्या कंपनीची परवानगी, क्लबाच्या परवान्यात नाव, फोटो, बोटांचे ठसे, पोलिसांचा शिक्का असं सगळं होऊन कैलास दर शुक्रवारी सकाळी त्या खोलीत बसू लागला. क्लबाने आणलेली जाडजूड पुस्तकं त्याने आधी पाच महिने वाचली. पाच महिन्यांत एकही काडतूस भरलं नाही. बू सलमान दर शुक्रवारी दारातून डोकावून विचारायचे, "आज?" आणि कैलास म्हणायचा, "इंशाल्ला." बहरीनमध्ये या शब्दाचा नेमका अर्थ काय होतो ते म्हाताऱ्याला चांगलंच माहीत होतं.

मग काम सुरू झालं, आणि खोलीचं देऊळ झालं. टीव्ही गेला. पंख्याची पाती काढून टाकली. मोबाईल दाराबाहेरच्या टोपलीत. टेबलावर एका वेळी दारूची एकच बाटली, दुसरी कपाटात कुलपात. रिकाम्या पुंगळ्या लाकडी ताटलीत उपड्या मांडायच्या. एक सुलट करायची, तीत दारू घालायची आणि ती हातावेगळी करूनच दुसरी उचलायची. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं. कारण हलक्या काडतुसातली ही दारू इतकी थोडी असते की पुंगळी जवळजवळ रिकामीच दिसते. चुकून दोनदा घातली तरी बाहेर सांडत नाही, बाहेरून कळत नाही. कळतं ते थेट रायफलीला. कुणी शिंकलं, दारावर टकटक झाली, सखीरच्या ट्रॅकवर गाड्यांचा सराव सुरू होऊन कैलास दचकला, तर हातातली पुंगळी ओतून पुन्हा पहिल्यापासून. शर्यतींच्या आठवड्यात दिवसाकाठी सहा काडतुसंही होत नसत. आणि काम संपल्यावर दारूची बाटली तोलायची आणि तिच्यावरच्या चिठ्ठीवर तारीख घालून वजन लिहायचं.

हे सगळे नियम त्याने पुठ्ठ्यावर मराठीत लिहून टेबलासमोर टांगले होते. बू सलमाननी नावेदला विचारलं, काय लिहिलंय? नावेदने दहा ओळी वाचल्या आणि एका वाक्यात भाषांतर केलं, "लिहिलंय की तुम्ही बाहेर बसा."

घरी मात्र या कामाने वेगळाच घोटाळा केला. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये मोदक वळताना मेधा गोखल्यांनी शुभदाला विचारलं, "कैलासराव शुक्रवारी कधी दिसत नाहीत ते?" शुभदा योग्य शब्द शोधत होती, तेवढ्यात सावनी मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा? ही गोज टू अ क्लब. ही फिल्स दारू." हॉलमधल्या सगळ्या बायकांचे हात मोदकावर थांबले. शुभदाने खूप समजावलं की दारू म्हणजे ती नव्हे, उडणारी. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. पुढे दोन वर्षं मंडळातले पुरुष कैलासला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारायचे, "कैलासराव, एखादी चांगली बाटली..."

गेल्या जानेवारीत क्लबाचा जुन्या रायफलींचा दिवस ठरला. तीस पाहुणे येणार होते. त्याच्या आधी कैलासच्या पुतणीचं लग्न निघालं आणि तो दहा दिवसांची रजा टाकून पुण्याला गेला. जाताना तीस काडतुसं भरून, डबीवर चिठ्ठी लावून कपाटात ठेवून गेला. "एवढी पुरेत," तो नावेदला म्हणाला. "आणि टेबलाला कुणी हात लावायचा नाही."

"मी काय बोलतो, कैलासभाई, बू सलमाननाच लावायचा असेल तर?"

"त्यांनी तर मुळीच नाही."

कैलास परतला तो कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो क्लबात पोचला. पाहुणे यायचे होते. गालिचे अंथरले जात होते, गहव्याच्या, म्हणजे अरबी कॉफीच्या, किटल्या मांडल्या जात होत्या. कैलासने सवयीप्रमाणे कपाट उघडलं. त्याची डबी जागेवर होती. तिच्या शेजारी आणखी एक डबी होती. चाळीस काडतुसं, चिठ्ठी नाही.

"नावेद!"

नावेद आला तोच चेहरा पाडून. "हॅलमसाहेबांनी भरली. परवा. बू सलमान बोलले की तीस माणसांना तीस काडतुसं म्हणजे पाहुण्यांची थट्टा झाली. मी काय करणार?"

हॅलम म्हणजे अमवाज बेटांवर राहणारा निवृत्त इंग्रज इंजिनिअर, क्लबाचा जुना सभासद. उंच, ताठ, चाळीस वर्षं नेमबाजी केलेला. माणूस भला होता, पण कैलासचे नियम त्याला नेहमीच थोडे गमतीदार वाटत. तो त्यांना 'द टेन कमांडमेंट्स' म्हणत असे.

कैलासने दारूची बाटली तराजूवर ठेवली. चिठ्ठीवरचं वजन बघितलं. वजाबाकी केली, भागाकार केला. मग तराजू शून्यावर आणून पुन्हा तोललं, पुन्हा भागाकार केला.

बाटलीतून एक्केचाळीस मापं गेली होती.

हॅलम आणि बू सलमान एकदमच आले. कैलासने दोघांना तराजूसमोर उभं केलं आणि सांगितलं, "फॉर्टी कार्ट्रिज, सर. फॉर्टी वन दारू."

हॅलम हसला. "तुझा काटा चुकत असेल."

नावेदने डोळे मिटून घेतले. हे वाक्य कैलासला म्हणायचं नसतं, हे क्लबातल्या मांजरालाही माहीत होतं. कैलासने बॅग उघडली, मखमलीतून चिमट्याने एकेक वजन काढलं आणि हॅलमसाहेबांच्या नाकाखाली सात वेगवेगळ्या वजनांनी काटा तपासून दाखवला. त्याला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात अर्धे पाहुणे आले.

"मग थोडी सांडली असेल," हॅलम म्हणाला.

"कुठे?"

"आता आठवत नाही."

"तेच तर," कैलास म्हणाला.

"तोलून बघ मग काडतुसं. जे जड, ते वेगळं काढ."

कैलासने दहा तोलून बघितली. दहांची दहा वजनं. हॅलमने वेगवेगळ्या सालच्या, वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या एकत्र वापरल्या होत्या. पितळेतलाच फरक इतका होता की त्यात चिमूटभर दारू कुठल्या कुठे लपून जात होती. कुठलं काडतूस दुप्पट आहे, किंवा आहे का, ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

हॅलमचा चेहरा आता लाल झाला होता. बाहेर त्याच्या ओळखीची मंडळी उभी होती. "मी चाळीस वर्षं हे करतोय," तो म्हणाला, डबी उचलली आणि सरळ निशाणाच्या ओट्याकडे चालू लागला.

कैलास आयुष्यात कुणाशी हातघाईवर आला नव्हता. दुकानदाराने सुटे परत दिले नाहीत तर तो ते सोडून येई. पण त्या सकाळी त्याचे पाय आपोआप चालू लागले. हॅलमच्या आधी तो ओट्यावर पोचला आणि ज्या चटईवर पालथं पडून नेम धरायचा त्याच चटईच्या मधोमध मांडी घालून बसला. इस्त्रीची पँट, खिशात चार पेनं, गळ्यात चष्म्याची दोरी.

"उठ," हॅलम म्हणाला.

"नो, सर."

पाहुण्यांनी कानावर संरक्षक कप लावलेले होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. एका बाईंना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नावेद दोन मिनिटं चुळबुळला आणि मग येऊन कैलासच्या शेजारी बसला.

"तू कशाला?" कैलासने हळूच विचारलं.

"किल्ली माझ्याकडे होती ना," नावेद म्हणाला. "सरका जरा."

बू सलमान काठी टेकत आले. त्यांच्या मागे सगळे पाहुणे गोळा झाले. त्यांनी वाकून विचारलं, "कैलास, तुम को पक्का मालूम है, उसमें गडबड है?"

"नहीं," कैलास म्हणाला. "पक्का मालूम नहीं. इसीलिए बैठा हूँ."

म्हाताऱ्याने एकदा रायफलीकडे बघितलं, एकदा हॅलमच्या मित्रांकडे. मग काठीने जमिनीवर ठोकलं. "खलास. खोलो सब."

ओट्याच्या मागे टेबल मांडलं. काडतूस उघडायचा एक प्लास्टिकचा हातोडा असतो, पोकळ डोक्याचा. काडतूस त्यात घट्ट बसवून लाकडावर आपटायचं, दोन-तीन दणक्यांत गोळी आणि दारू सुटून आत पडते. कैलासने सगळ्यांना दहा पावलं मागे उभं केलं, डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवला आणि शांतता मागितली. तीस माणसं, त्यांत एक राजदूतावासातला अधिकारी, गप्प उभी राहिली. कैलास ठोकायचा, दारू ताटलीत ओतायचा, तोलायचा आणि मान हलवायचा. मग नावेद मोठ्याने पुकारायचा, "एक, बरोबर!"

आधी लोक गमतीने बघत होते. पाचव्याला जांभया सुरू झाल्या. आठव्याला कुणीतरी खजूर फिरवले. हॅलम हाताची घडी घालून आकाशाकडे बघत होता. दहावं बरोबर. अकराव्याची दारू ताटलीत पडली तशी कैलासने मान हलवली नाही. त्याने तराजू शून्यावर आणला, पुन्हा तोललं.

"अकरा," नावेद म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. "डबल!"

हॅलमची घडी सुटली. तो टेबलाजवळ आला, ताटलीत बघितलं, काट्यावरचा आकडा बघितला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. बू सलमानच म्हणाले, "गलती मेरा है. ये भरता था, मैं बात करता था."

"काय बात करत होतात?" कैलासने न राहवून मराठीतच विचारलं. नावेदने दुभाष्याचं काम केलं.

बू सलमाननी दाढी कुरवाळली. ते थोडे ओशाळले होते. "मैं बताता था, तुम मेरा मदखन लेके कैसे भागा. बहुत हँसा ये. हाथ भी हिला."

मदखन म्हणजे तेच धुपाटणं. कैलासला हसावं की रडावं कळेना. त्याच्या शहाणपणाची गोष्ट ऐकता ऐकता माणसाने दारू दोनदा घातली होती.

"चला," नावेद म्हणाला, "मी काय बोलतो, एक जास्त होतं ते सापडलं. हिशेब लागला. बाकीची चांगली. चहा घेऊ."

सगळ्यांचंच मत तसं होतं. पाहुणे पांगायला लागले. कैलासचा हात भरून आला होता, पुण्याच्या विमानातली झोप अजून डोळ्यांत होती, आणि हिशेब खरंच लागला होता. चाळीसांत एक डबल, म्हणजे एक्केचाळीस. त्याने हातोडा खाली ठेवलाही. पण हात रिकामा राहवेना म्हणून असेल किंवा वडिलांचा मुलगा म्हणून असेल, त्याने तो परत उचलला. "बारा," तो म्हणाला. नावेदने सुस्कारा टाकला.

सव्विसाव्याची गोळी पुंगळीतून निसटली, पण ताटलीत काहीच पडलं नाही. कैलासने हातोडा उलटा करून झटकला. पुंगळीत टॉर्च मारली. आत लखलखीत पितळ होतं.

रिकामं काडतूस ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण तसं नसतं. नुसत्या टोपीच्या धक्क्याने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. माणसाला वाटतं बार फुसका गेला. तो दुसरं काडतूस घालून चाप ओढतो, आणि मग मागच्या गोळीला पुढे जायला वाट नसते.

पण कैलासच्या अंगावर काटा आला तो आणखी एका गोष्टीने, आणि तीच गोष्ट त्याच क्षणी हॅलमलाही कळली. इंजिनिअर होता तो. एक रिकामं निघालं तर एक्केचाळीसचा हिशेब जमत नव्हता.

"देन देअर इज अनदर," हॅलम म्हणाला. अजून एक डबल आहे.

तो उठला. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हात पुढे केला. "मला दे," तो म्हणाला, "मी केलंय, मी उघडतो." कैलासने त्याला हातोडा दिला, पण त्याआधी स्वतःचा संरक्षक चष्मा काढून त्याच्या नाकावर चढवला. पांगलेले पाहुणे परत आले. आता कुणी जांभया देत नव्हतं. सत्तावीस बरोबर. अठ्ठावीस बरोबर. तेवढ्यात सखीरच्या ट्रॅकवर कुणीतरी गाडी सुरू केली आणि वाळवंटावरून आलेल्या त्या किंकाळीसरशी कैलास हातभर उडाला. त्याच्याबरोबर तीस पाहुणेही उडाले. आता सगळेच बहिरट झाले होते.

तेहतिसावं डबल निघालं. ते हॅलमच्याच हाताने उघडलं. ताटलीतला काळसर ढीग बघून त्याने हातोडा टेबलावर ठेवला. कैलासने नावेदला खूण केली, नावेदने गहव्याचा पेला आणून त्याच्या हातात दिला.

"त्या चटईवर पहिला मीच पडणार होतो," हॅलम पुटपुटला.

"येस, सर," कैलास म्हणाला. उरलेली सात त्याने स्वतः उघडली. सातही बरोबर होती.

मग कपाटातली चिठ्ठी लावलेली डबी आली आणि दहा वाजता कार्यक्रम सुरू झाला. माणशी एकच काडतूस मिळालं, पण कुणी कुरकुर केली नाही. उलट जो तो आपलं काडतूस प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेत होता. शंभर वर्षांच्या रायफली तीस वेळा नीट वाजल्या आणि एकदाही खोकल्या नाहीत. पाहुण्यांना कैलासचं कौतुक करायचं होतं, पण तो कुठे सापडेना. तो पार्किंगमध्ये आपल्या गाडीत, काचा वर करून, कानांवर कप लावून, वर मफलर गुंडाळून बसला होता. बू सलमाननी एका मुत्सद्द्याला काचेतून तो दाखवला. "दिस इज अवर एक्स्पर्ट," ते अभिमानाने म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी कैलास खोलीवर पोचला तर हॅलम दाराबाहेर उभा होता. मोबाईल टोपलीत टाकलेला. "शिकवशील?" त्याने विचारलं.

कैलास संकोचला. एवढा मोठा माणूस, चाळीस वर्षांचा अनुभव. पण शिकवायचं म्हटल्यावर त्याचा संकोच फार वेळ टिकला नाही. पहिले सहा आठवडे त्याने हॅलमला काडतुसाला हातही लावू दिला नाही. नुसत्या पुंगळ्या निवडायला बसवलं, साल वेगळं, कारखाना वेगळा, तडा गेलेली वेगळी. हॅलमसाहेब भिंतीकडे तोंड करून, चष्मा लावून, गव्हातले खडे निवडावेत तसे पितळ निवडत. एकदा त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर कैलासने भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. त्यांना मराठी येत नव्हती, तरी समजलं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी शुभदाला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई इंग्रज होत्या. फार अदबीने त्यांनी विचारलं की आपण मिसेस बहिरट का, आणि आपले यजमान माझ्या नवऱ्याला नेमकं काय शिकवतात?

"का, काय झालं?" शुभदाने घाबरून विचारलं.

बाईंनी सांगितलं. मिस्टर हॅलम दोन दिवस स्वयंपाकघरात दार लावून बसले होते. आता ड्रॉवरमधले सगळे चमचे वजनाप्रमाणे रांगेत आहेत. लग्नात आलेल्या चांदीच्या संचातला एक चमचा बाकीच्यांपेक्षा हलका निघाला म्हणून त्यांनी तो लाल कागदात गुंडाळून वेगळा ठेवलाय, आणि त्याने खायला बंदी आहे.

शुभदा खुर्चीत नीट टेकून बसली. आपल्या इंग्रजीची तिला नेहमी लाज वाटे, पण आज शब्द आपोआप येत होते. "मॅडम," ती म्हणाली, "हे आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात झालं. चमचे काहीच नाही. तुम्ही पोळ्यांचं ऐकलं तर..."

फोन एक तास चालला. सावनीने मध्ये दोनदा डोकावून विचारलं, "आई, हू इज इट?" पण आईला उत्तर द्यायला फुरसत नव्हती. शेवटी मिसेस हॅलम शनिवारी जिदहफ्सला चहाला येणार असं ठरलं, आणि शुभदाने फोन ठेवून लगेच बेसन भाजायला घेतलं, अंदाजाने, मुठीमुठीने.